मोरीपाशी घासलेला आरसा

"हात दाखवा."

दाखवले. दोन्ही तळवे, उलटे-सुलटे, शाळेतल्या पोरीसारखे. पंचविशी उलटलेली मी, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासणारी. सगळ्यांसमोर.

नारायण पेठेतल्या एका हॉलमध्ये दर रविवारी आम्ही दुर्बिणीचे आरसे घासायचो. पिंपावर ठेवलेल्या काचेवर दुसरी काच, मध्ये खरखरीत भुकटी आणि पाणी, आणि पिंपाभोवती फिरत घासत राहायचं. भुकटी टप्प्याटप्प्यानं जाडीची बारीक होत जाते. जाड भुकटीचा एक कण बोटाला राहिला की महिन्यांची मेहनत ओरखड्यात जाते. म्हणून दर टप्प्याला हात धुवायचेच. नियम खराच होता हो! पण तपासायचे फक्त माझे. वर्ग चालवणाऱ्या काकांनी माझं आडनाव विचारलं, त्या दिवसापासून.

"राग मानू नका हं. सवयीचा प्रश्न असतो," काका म्हणाले. सगळे घासत राहिले.

मग एका निवृत्त साहेबांच्या आरशावर ओरखडा निघाला. मी त्यांच्या पिंपाकडे फिरकलेसुद्धा नव्हते. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आपण मागे मोरीपाशी बसत जा. धुवायलाही सोयीचं."

आणि मी बसले! सांगताना आजही अंगाचा तिळपापड होतो. आरसा सुटेल या भीतीनं बसले. साबण, घासणी, परत साबण. कातडी सोलली. ऑफिसात डबा उघडण्याआधी हातांचा वास घ्यायला लागले. वाटायचं, असेलच काहीतरी घाण माझ्यात. जीव नकोसा झाला होता.

आई मंडईबाहेर पालेभाजी विकते. तिनं माझा हात धरला. "कशानं सोलले गं?" सांगितलं, तशी ती भडकलीच. "माझ्या हातची मेथी अख्खी नारायण पेठ खाते. तेव्हा मेल्यांना हात दिसत नाहीत होय?"

पुढच्या रविवारी तयार आरसे मुलाम्याला जायचे होते. मुलाम्याशिवाय आरसा म्हणजे नुसती काच. सगळ्यांचे एका खोक्यात भरले. माझा काकांनी बाजूला ठेवला. "तुमचा नंतर पाठवू, वेगळा. इतरांच्यात उगाच नको."

"काका, हात दाखवा."

"काय?"

"तुमचे. सगळ्यांचे आरसे हाताळलेत. धुतलेत?"

त्यांनी हात पाठीमागे घेतले. मी माझा आरसा उचलला आणि बाहेर पडले.

त्याला मुलामा अजून नाही. संध्याकाळी त्यात चंद्र तेवढा दिसतो, फिका. बाकी काळोख. डब्याआधी हात अजूनही नाकाशी जातात. ते सुटेल असं वाटत नाही.

पण येत्या रविवारी आमच्या विहाराच्या ओट्यावर मी पिंप मांडणार आहे. वस्तीतल्या पोरी येणार आहेत. हात तिथंही तपासले जातील. सगळ्यांचे. पहिले माझे. आणि काका आले, तर त्यांचेही.