आत्या लोकसभेत उठली

आमची थोरली आत्या कासार आंबोलीला दिलेली. तिचं माहेर मुळशीच्या धरणात गेलं तेव्हा ती सहा-सात वर्षांची पोर होती. माझे वडील त्यानंतर जन्मले. ते गाव डोळ्यांनी पाहिलेलं, आत्याशिवाय आमच्यात कुणी उरलं नव्हतं. बोलण्यात भारी फटकळ. ग्रामसभेत ती उठली की सरपंच पाण्याचा तांब्या जवळ ओढायचे.

ऐंशीच्या दशकात आमच्या खासदारांनी तालुक्यातल्या काही लोकांना संसद दाखवायला दिल्लीला नेलं. मला मोडकंतोडकं हिंदी यायचं, म्हणून आत्याच्या दिमतीला मी. शाळेतल्या गुरुजींनी तिला सांगितलं होतं, तिथं बोललेला शब्द न् शब्द लिहून कायमचा जपतात. झालं, आत्यानं मनाशी ठरवूनच टाकलं. आगगाडीत मला म्हणाली, "लई न्हाई बोलायची. आमचं गाव व्हतं, येवढंच सांगायचंय. मी गेल्यावर कोण सांगणार?" लोकसभा म्हणजे लोकांची सभा, तिथं कुणीही उठून बोलावं, असा तिचा सरळ हिशोब. तसं नसतं हे सांगून सांगून मी थकलो. पण ऐकेल ती आत्या कसली!

त्या गोल इमारतीसमोर गाइड सांगत होता, इंग्रजांनी ही कधी बांधायला घेतली आणि कधी पुरी केली. सालं ऐकून माझ्या ध्यानात आलं, आपलं धरणही त्याच वर्षांत झालं होतं. मी आत्याला तसं सांगितलं. तिनं एकेका खांबावरून नजर फिरवली.

"म्हंजी आमचं गाव बुडत व्हतं, तवा हे चढत व्हतं," ती म्हणाली.

वर गॅलरीत आम्हाला दाटीवाटीनं बसवलं. बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, अशी ताकीद आधीच मिळालेली. खाली कुणीतरी कागदावरचं वाचत होतं. बरीचशी बाकं मोकळी होती. आत्यानं पदर सावरला आणि सरळ उभी राहिली. तिथला शिपाई लगबगीनं आला, तिच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं तिला खाली बसवलं. उर्मट नव्हता बिचारा, तरी मला त्याचा संताप आला. आत्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. तिला तशी मी जन्मात पाहिली नव्हती.

बाहेर पडताना ती त्या शिपायाजवळ थांबली. इथं बोलायचं तर काय व्हावं लागतं, ते विचार म्हणाली. मी विचारलं. त्यानं अदबीनं सांगितलं, माताजी, निवडून यावं लागतं, गावच्या लोकांनी मतं द्यावी लागतात. मी ते मराठीत तिच्या कानावर घातलं.

"गाव पाण्यात हाय," आत्या म्हणाली. "मतं कोण देणार?"

हे बी सांग त्याला, म्हणाली. ते न सांगताच मी तिचा हात धरून चालू लागलो.