महानंदाबाईंनी दिलेली स्टोरी

महानंदाबाईंसोबत सिनेमा बघणं म्हणजे शिक्षा, असं आमच्या वसतिगृहातल्या मुली म्हणायच्या, आणि रविवारी दुपारी त्यांच्याच शेजारची जागा मिळावी म्हणून भांडायच्या. बाई तिथं स्वयंपाक करतात. माहेर उदगीरकडचं, लिंगायत घर. नवरा गेल्यावर पोटापाण्यासाठी अहमदपूरला आल्या त्याला एकोणीस वर्षं झाली. हे वसतिगृह ज्या संस्थेचं, तिच्याच कॉलेजात मी ग्रंथपाल. संस्थेचं नाव सांगत नाही. माझी नोकरी अजून चार वर्षं शिल्लक आहे, आणि मी जे सांगणार आहे ते ऐकून कुणी माझ्या गळ्यात हार घालणार नाही.

रविवारी बाई परातभर तांदूळ मांडीवर घेऊन निवडत बसायच्या आणि मुली टीव्हीवर भुताखुनाचे सिनेमे लावायच्या. मोठ्या नटांचे नव्हेत. चार पोरं, एक बंगला आणि उसना कॅमेरा घेऊन महिनाभरात उरकलेले, हल्ली ढिगानं येतात तसले. पाच मिनिटं झाली की बाईंचं तोंड सुरू व्हायचं.

"ही लई हसून राहिली ना, ही मरती बगा पयली."

ती मरायची.

"आता लाईट जाती. आता मांजर उडी मारंल. आता खांद्यावर हात पडतो, पर तो मैत्रिणीचा. घाबरू नका गं."

लाईट जायची, मांजर उडी मारायचं, हात मैत्रिणीचा निघायचा. म्हातारा गडी काहीतरी सांगू बघायचा आणि कुणी त्याचं ऐकायचं नाही. शेवटी मांत्रिक यायचा, आणि भूत म्हणजे अशी एक बाई निघायची जिला कुणीतरी फसवलेलं असायचं. बाई परात आपटून उठायच्या. "पैसा न्हाई म्हणून भूत हलकं आणलं, त्याचं मला काय न्हाई. पीठ फासा, केस मोकळे सोडा, चालतंय. पर डोस्क्याला काय भाडं पडतं का? चाळीस पोरींचा स्वयंपाक करती मी, त्यात बी एक दिस येसराची आमटी अन् एक दिस पेंडपाला असतंय. ह्यांचं आपलं रोज तेच वरण!"

त्या रागावायच्या म्हणजे खऱ्याच रागावायच्या. मला आधी गंमत वाटायची. मग लक्षात आलं की ही बाई शाळा चौथीत सोडलेली असली तरी आमच्या मराठी विभागातल्या दोन प्राध्यापकांपेक्षा तिला गोष्ट जास्त कळते. एकदा एका सिनेमात भूत शेवटपर्यंत दिसलंच नाही. घरातली सून रोज एक ताट जास्तीचं वाढायची आणि ते रिकामं व्हायचं, एवढंच. त्या दिवशी बाई गप्प होत्या. संध्याकाळी भांडी घासताना म्हणाल्या, "त्या पोरानं इचार केलाय, मॅडम." यापेक्षा मोठी पावती त्यांनी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात सुट्टीत आमचं वसतिगृह एका सिनेमावाल्यांनी महिनाभरासाठी घेतलं. दिग्दर्शकाचं नाव व्यंकट. नांदेडचा मुलगा, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलेला, बोलायला गोड. वीस माणसांचा स्वयंपाक बाईंकडेच होता. पंगतीत बसून तो बाईंचं सिनेमावरचं बोलणं ऐकायचा, हसायचा, वहीत लिहून घ्यायचा. "मावशी, तुम्ही तर आमची बोलतीच बंद केली," म्हणायचा. बाई खूश. इतक्या वर्षांत सिनेमातलं कुणी त्यांना पहिल्यांदाच विचारत होतं.

एके दिवशी जेवणं झाल्यावर त्यानं विचारलं, "मावशी, इथं कधी खरंच काही घडलंय का?"

मी तिथंच होते. अडवायला हवं होतं. अडवलं नाही.

बाईंनी शीला सांगितली. शीला लोह्याकडच्या एका खेड्यातली, अकरावी सायन्सला होती. दोन वेण्या, हिरव्या रिबिनी. घरची आठवण आली की स्वयंपाकघरात येऊन भाकरी थापत बसायची. पाच वर्षांपूर्वी एका रविवारी तिचं पोट दुखायला लागलं. दुपारी ताप चढला. दवाखान्यात न्यायचं तर रेक्टरची सही लागते आणि रेक्टर लग्नाला लातूरला गेलेले, फोन बंद. वॉचमन म्हणाला, सही असल्याशिवाय मुलगी गेटबाहेर सोडणार नाही, माझी नोकरी जाईल. तासभर त्यात गेला. शेवटी बाईंनी कुलूप दगडानं फोडलं. अपेंडिक्स फुटलं होतं. नांदेडला नेताना लोह्याच्या अलीकडे, तिच्या गावाचा फाटा यायच्या आत, पोरगी गेली.

"ह्यात भूत न्हाई, सर," बाई म्हणाल्या. "सही हाय. एक सही मिळंना म्हणून लेकरू गेलं. तुमी सहीला भिववा लोकांला. कुणीच केलेलं न्हाई असं."

व्यंकट उठून उभा राहिला. "मावशी, जबरदस्त! हीच आपली स्टोरी."

त्यानंतर बाई आठ महिने त्या सिनेमाची वाट पाहत होत्या. मुलींना सांगायच्या, आता बगा, एक पिक्चर असा येतो की मला बी पुढचं कळणार न्हाई.

जानेवारीत तो लागला. सिनेमाचं नाव घेत नाही, त्यांची फुकट जाहिरात मी कशाला करू? आम्ही दोघी एसटीनं लातूरला गेलो, दुपारच्या खेळाला. थिएटरात जेमतेम बारा माणसं. बाहेर पोस्टरवर आमच्या वसतिगृहाचा फोटो आणि खाली लाल अक्षरांत, 'सत्य घटनेवर आधारित'. सुरुवातीला आमचं गेट दिसलं, कुलूप दिसलं, दोन वेण्या आणि हिरव्या रिबिनी घातलेली शीतल नावाची मुलगी दिसली. बाई खुर्चीच्या टोकाला सरकून बसल्या होत्या. वीस मिनिटांनी पडद्यावर मोटारसायकलवरचा एक पोरगा आला, गॉगल लावलेला.

"मॅडम, गेलं," बाई म्हणाल्या.

पुढचं त्यांनी सगळं आधी सांगितलं, पण हळू आवाजात, एरवीसारखं नाही. आता तो तिला शेतात नेतो. आता तिचं पोट दुखतं. आता ती उलटी करते. आता पंखा दाखवतेत. पंखा दाखवला. मेलेली शीतल केस सोडून गेटवर उभी राहिली, मांत्रिक आला, मांजरही होतं. सहीचा कुठं पत्ता नव्हता. आमच्या मागे बसलेली पोरं शिट्ट्या वाजवत होती. मला उठून त्यांच्या कानाखाली माराव्याशा वाटल्या. खरं तर ज्याच्या माराव्यात तो तिथं नव्हता.

बाहेर आल्याबरोबर बाईंनी त्याला फोन लावला. रसवंतीच्या गाड्याजवळ उभ्या राहून त्या ओरडत होत्या आणि लोक बघत होते. स्पीकर चालू होता, म्हणून त्याचं उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं.

"मावशी, समजून घ्या. पोटदुखीनं मेलेली मुलगी भूत कशाला होईल? प्रेक्षकाला कारण लागतं. आणि बजेट छोटं असलं की नवीन काही करायची रिस्क घेता येत नाही हो."

"छोटं काय हाय ते कळालं मला," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नवीन करायला पैसे लागतात म्हणे! उलट ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडे गमवायलाही काही नसतं, त्यानं तर बेधडक करावं. पण नाही. पहिल्या पन्नास जणांनी जे केलं तेच एक्कावन्नाव्यानं करायचं आणि वर 'सत्य घटना' म्हणून शिक्का मारायचा. एका मेलेल्या पोरीचं अपेंडिक्स या माणसाला पुरलं नाही. तिच्या पोटात त्यानं मूल घातलं, कारण इतरांनी घातलेलं होतं. मी इतकी वर्षं पुस्तकांत काढली, वाईट लिहिलेलं खूप वाचलं. वाईट लिहिल्याचा मला असा संताप कधी आला नव्हता.

सिनेमा आठवड्यात उतरला. मग तो मोबाईलवर आला, त्याचे तुकडे फेसबुकवर फिरू लागले, आणि त्या तुकड्यांत आमची इमारत चक्क ओळखू येत होती.

मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा घेत होते. भात नुकताच गॅसवर चढला होता. दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पायात धुळीच्या चपला. महानंदाबाईंनी तिला ओळखलं आणि त्यांच्या हातातली पळी खाली पडली. ती शीलाची आई, सुभद्राबाई.

पाणी दिलं, ते तिनं प्यायलं नाही. बसली आणि सरळ विचारलं.

"बाई, खरं सांगा. माज्या शीलीच्या पोटात काय होतं?"

"अवो, अपेंडिक्स होतं!" बाई एकदम भडकल्या. "डाक्टरनं कागदावर लिहून दिलंय ना तुमच्याजवळ. तुमी आई हाव न्हवं तिची? तुमी बी तेच इचारून राहिले?"

"कागद हाय," सुभद्राबाई म्हणाली. "कागद पैसे देऊन बी मिळतो म्हणतेत गावात. धाकटीची सोयरीक मोडली. ते जाऊ द्या. मला बी आधी लई राग आला. एका पिक्चरमधी असतं तर मी मानलंच नसतं. पर नातवानं मला मोबाईलवर आनखी दाखवले. समद्यात तसंच हाय, बाई. होस्टेलातली पोरगी समद्यात तशीच मरती. इतके लोक खोटं कामून सांगतेल?"

महानंदाबाईंना मी एकोणीस वर्षं ओळखत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर असलं काही मी कधी पाहिलं नव्हतं. त्या तिच्यासमोर खाली फरशीवर बसल्या.

"पोटात काय नव्हतं. मला ठाव हाय. तिला पाळी आलती."

सुभद्राबाईनं मान वर केली.

"आदल्या दिवशी माज्याकडूनच पॅड घेऊन गेलती. रविवारी सकाळी ती इथं आली, ह्या ओट्यापाशी, अन् म्हणली, मावशी, लई दुखून राहिलं. मी म्हणलं, पाळीचं दुखतंय, सगळ्यांचंच दुखतंय. ओवा दिला, गरम पाणी दिलं, जा झोप म्हणलं. दहाला आली, परत तेच म्हणलं. बाराला तिची मैत्रीण आली बोलवायला, तर मी म्हणलं, नाटकं करू नका, पुऱ्या तळायच्यात मला. तीन वाजता गेले मी. मंग गेट, मंग सही. तो तास त्यांनी घालवला. त्याच्या आधीचे सहा तास मी घालवले."

भाताला उकळी येऊन पाणी गॅसवर सांडत होतं. कुणी उठलं नाही.

"तुमाला सांगितलं न्हाई मी. कुणालाच न्हाई. त्या पिक्चरवाल्याला बी गेटापासूनच सांगितलं. रोज कुन्या ना कुन्या पोरीचं दुखतंय, मला ते रोजचंच वाटलं. तिच्याकडं बगितलंच न्हाई मी नीट."

मला वाटलं, आता ही आई उठेल आणि समोर दिसेल ते भांडं बाईंच्या डोक्यात घालेल. घालायलाच हवं होतं. मधे पडायची माझी तयारीही झाली होती. कुणाला धरायचं ते मात्र कळत नव्हतं.

सुभद्राबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडत होती, पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते दुःख नव्हतं. पोरीचा निकाल चांगला लागल्यावर आईचा होतो तसा तिचा चेहरा झाला होता.

"म्हंजे पाळी होती," ती म्हणाली. "नक्की होती ना? तुमी सोता पॅड दिलतं?"

"ह्या हातानं."

"म्हंजे माजी पोरगी चांगली होती."

"अवो बाई, मला शिव्या द्या!" महानंदाबाई ओरडल्या. "मी मारलं तुमच्या लेकराला. ऐकून राहिले ना तुमी? मला शिव्या द्या की!"

"तुमाला कशाला शिव्या देऊ?" सुभद्राबाईनं त्यांचे दोन्ही हात धरले. "दोन म्हैने झाले, तिच्या फोटोला हार घातला न्हाई मी."

मी बाहेर व्हरांड्यात आले. मला आत उभं राहवेना. पोरगी कशी मेली हे त्या आईला आत्ता कळलं होतं, आणि त्याचा राग यायलासुद्धा तिच्यात जागा शिल्लक ठेवलेली नव्हती. पोरगी मेली ती मेली, निदान तशी नव्हती, यातच तिला सगळं मिळालं होतं. असल्या सिनेमांना मी आता टुकार म्हणत नाही. टुकार हा फार हलका शब्द आहे.

आतून सुभद्राबाईचा आवाज आला. "बाई, हे आमच्या गावात येऊन सांगताल का? असंच, पारावर, चार लोकांत?"

चार लोकांत, म्हणजे पुरुषांत, पाळीचं नाव काढायचं आणि त्याच तोंडानं स्वतःचे सहा तासही सांगायचे. ही गोष्ट संस्थेच्या कानावर गेली की नोकरी उरणार नाही, हे बाईंना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी दारातून आत बघितलं. त्या उठल्या, त्यांनी भाताखालचा गॅस बंद केला आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"मॅडम, आज पोरींना पोहे करून घालताल का?" मला म्हणाल्या, आणि चपला शोधू लागल्या.