लेकीहाती निरोप

लग्नाला चार महिने झाले नव्हते, बी.एड.चं पहिलं वर्ष चालू होतं आणि मला दिवस गेले. आम्ही काही ठरवलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, आनंद झाला नाही. आधी भीती वाटली आणि मग नवऱ्याचा राग आला. तो सुरतेला नोकरीला. महिन्यातून एकदा येणार आणि फोनवर "होईल सगळं नीट" म्हणणार. शिक्षिका व्हायचं मी शाळेत असतानाच ठरवलं होतं. ते आता राहिलंच, असं सगळे धरून चालले होते.

मुलगी माहेरी, धुळ्याजवळच्या खेड्यात झाली. मी धरणगावला सासरी परतले तेव्हा जळगावचं कॉलेज पुन्हा सुरू झालं होतं. मदत करू म्हणणारे पुष्कळ होते, पण सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. एकीने वर्ष सोडायला सांगितलं, दुसरीने कॉलेजच. आईला कापसाची वेचणी टाकून येता येईना. सासूबाईंचे गुडघे गेलेले, पोरीला घेऊन उठणं त्यांना जमत नव्हतं. दिवसभर तिला सांभाळणार कोण, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

ते दिलं सासऱ्यांनी, आणि तेही मला नाही. त्यांना सगळे आबा म्हणतात. एस.टी.त ड्रायव्हर होते, आता निवृत्त. आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही, पदर पुढे ओढून बाजूला होते. म्हणून त्यांनी झोळीतल्या माझ्या लेकीला सांगितलं, "तुन्ही मायले सांग, सकायनी गाडी धर. आपन दोन्ही घर ऱ्हासूत."

मी स्वयंपाकघरात होते. तिथेच पोळपाटावर डोकं टेकून रडले.

खरी पंचाईत दुधाची होती. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी मला दूध काढून झाकणाच्या वाटीत, फ्रीजमध्ये ठेवायला शिकवलं होतं. पण ते पाजायचं कसं, हे सासऱ्याला सांगायचं कोणी? सासूबाई लाजून आत गेल्या. शेवटी मीही लेकीलाच धरलं. भिंतीकडे तोंड करून तिला सांगितलं, की आबांना म्हणावं, वाटी गरम पाण्यात ठेवा, गॅसवर नको, आणि चमच्याने थोडं थोडं पाजा. आबांनी लेकीकडे बघून मान हलवली. संध्याकाळी आले तेव्हा वाटी-चमचा घासून पालथे घातलेले होते.

तेव्हापासून सगळा कारभार तिच्यामार्फत चालला. लंगोट वाळले नाहीत, लस कधी, कॉलेजातून यायला उशीर का झाला, सगळं तिलाच. तीन महिन्यांच्या पोरीवर एवढी जबाबदारी कोणी टाकली नसेल.

पारावरच्या मंडळींना विषयच मिळाला. आबा बाळंतीण झाले, असं ते आबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणत. दुसऱ्या दिवशी आबांनी झोळी मागच्या खोलीतून काढून पुढच्या ओट्यावर, पारासमोर बांधली आणि दोरी ओढत बसले. मला त्यांचा फार अभिमान वाटला, पण तो लेकीमार्फत कळवणं काही जमलं नाही.

मग वार्षिक परीक्षा आली. पहिल्याच पेपराच्या आदल्या दिवशी पोरगी तापली. डॉक्टरांनी औषध दिलं, काळजीचं कारण नाही म्हणाले. सकाळी ताप उतरला होता, पण ती किरकिरत होती. शेजारीण दारात येऊन म्हणाली, की कसली आई ही, तापलेलं लेकरू टाकून चालली. मी खांद्यावरची पर्स काढून खुंटीला अडकवली. पेपर चुकला तर वर्ष गेलं, आणि गेलेलं वर्ष मला परत कोणी देणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

आबा पोरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते. ते थांबले. आता तिला काहीतरी सांगतील म्हणून मी खाली बघून उभी राहिले. त्यांनी खुंटीवरची पर्स काढली आणि माझ्यासमोर धरली.

"तू जाय, बेटा. मी शे ना."

मी वर बघितलं. पदर सावरायचंही सुचलं नाही. "येते आबा," म्हणाले आणि निघाले.

आता मी गावातल्याच शाळेत शिकवते. संध्याकाळी आबा आणि मी ओट्यावर चहा घेतो, शाळेचं, गावाचं बोलत बसतो. लेक चार वर्षांची झाली आहे. परवा ती आमच्या मधे येऊन बसली आणि गाल फुगवून म्हणाली, "तुम्ही दोन्हीच बोलतस. माले कोनी काहीच सांगत नही."