पाठीवरची गोगलगाय

‘पश्चात्ताप करायचा असल्यास आधी करावा.’ अशी पाटी ज्या दुकानाच्या दाराच्या काचेवर रंगवलेली होती, तिथे गिऱ्हाईक येत होतं हेच मुळात नवल. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: ‘प्रेयसीचं नाव कोरून मिळणार नाही. रडून दाखवलं तरी नाही.’ अक्षर वहिनींचं, मजकूर मास्तरांचा.

मास्तर म्हणजे आमचे खपली मास्तर. शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच तुटला होता, आणि तो शाळेनं तोडला होता. त्यांचा धंदा असा, की माणसाच्या कातडीवर पात्यानं नक्षी कापायची आणि तिचा वण उठू द्यायचा. गोंदण नव्हे. गोंदणाऱ्याचं काम सुई ठेवली की संपतं. मास्तरांचं काम पातं ठेवल्यावर सुरू व्हायचं. जखमेवर खपली धरते, ती रोज सकाळी ब्रशनं घासून काढायची, पुन्हा धरली की पुन्हा काढायची. असं काही आठवडे केलं म्हणजे कातडी वैतागते आणि तिथे फुगून बसते. मग वर्षभरात तो लाल वण निवतो, आणि बोट फिरवलं तर दोरी पुरल्यासारखी रेघ हाताला लागते. हे घासणं टाळलं, की मेहनत पाण्यात. “शरीर म्हणजे कामसू बाई,” मास्तर म्हणत, “जरा नजर हलली की सगळं पुसून जागच्या जागी. आपण तिला कामच करू द्यायचं नाही.”

त्याआधी मास्तर रबरी शिक्के कोरायचे. तरुणपणाची सगळी वर्षं अक्षरं उलटी कोरण्यात गेली, त्यामुळे त्यांच्या डोक्यात जग आरशातल्यासारखं भरलेलं. मशीनवर शिक्के व्हायला लागले आणि हे रबरावरून कातडीवर आले. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक धिप्पाड हमाल. त्याला छातीवर ‘वाघ’ हवा होता, अक्षरांत. मास्तरांनी झोकात कापला, तोही उलटा. हमालानं खाली वाकून पाहिलं, वर पाहिलं, मूठ आवळली. मास्तर शांतपणे म्हणाले, “तुम्ही स्वतःला बघणार कुठे? आरशातच ना? मग?” तो माणूस खूष होऊन गेला. त्या दिवसापासून कागदावर आधी काढल्याशिवाय, आणि वहिनींनी “सुलट आहे” म्हटल्याशिवाय, मास्तरांनी पातं उचललं नाही.

वहिनी काउंटरवर बसत. गिऱ्हाईक कापून घेऊन पांढऱ्याफटक चेहऱ्यानं बाहेर आलं, की त्याला समोर बसवून ऐकवत, “मलम लावायचं नाही. फुंकर घालायची नाही. घरात माया करणारं कुणी असेल तर त्याला लांब ठेवायचं. आईला तर दाखवायचंच नाही.” एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, “मला कुणीच नाही.” वहिनी म्हणाल्या, “मग तुमचा वण झकास उठणार.”

त्यांना एक मुलगी होती. भिंगरी म्हणायचे तिला, कारण ती बसलेली कुणी पाहिली नव्हती. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. जिन्यात पावलं वाजली नाहीत तर समजायचं की भिंगरी कठड्यावरून घसरत येतेय. मग तिला आजार जडला आणि भिंगरी पलंगावर आली. पाय गेले, तशी वहिनी तिला पाठुंगळी घेऊन घरभर फिरवत. “आई, तू गोगलगाय आहेस,” ती म्हणायची, “आणि मी तुझं घर.” वहिनी म्हणत, “घर फार बडबड करतं बाई.” दुखणं वाढल्यावर पाठुंगळीही बंद झाली. मग वहिनी पलंगाच्या कडेला तिच्याकडे पाठ करून बसत, आणि ती बॉलपेननं त्यांच्या पाठीवर चित्रं काढत बसे. शेवटचं चित्र गोगलगाईचं होतं. उजव्या खांद्याच्या खाली, आत आत जाणारा वेटोळा शंख, आणि शिंगं.

ती गेल्यावर वहिनींनी अंघोळ केली नाही. बायका कुजबुजू लागल्या तेव्हा मास्तरांच्या बहिणीनं, आक्कांनी, सगळ्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं. आक्का धुलाई केंद्रात कामाला. त्यांच्या शब्दालाही साबणाचा वास आणि कडकपणा होता. पण घाम कुणाचं ऐकतो? शाई फिकी पडत चालली. त्या काळी खिशाखिशात कॅमेरे नव्हते, आणि फोटोवाल्याला बोलवावं हे कुणाला सुचलं नाही. सुचायला डोकं जागेवर लागतं.

एका सकाळी वहिनी दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकाच्या बाकावर पालथ्या झोपल्या.

“अहो, कापा,” म्हणाल्या.

मास्तरांनी कधी घरच्या माणसाला पातं लावलं नव्हतं. “अगं, शंखाची वेटोळी फार जवळ आहेत,” ते म्हणाले. “एक बोट अंतर नसेल तर वण एकमेकांत मिसळतात.”

“तिनं काढलंय तसं कापा.”

कागदावर छाप घ्यायची, तर स्पिरिट लावावं लागतं आणि स्पिरिटनं शाई पसरते. म्हणजे एक तर कागद, नाही तर कातडी. मास्तरांनी कातडी निवडली. त्यांनी लेकीच्या एकेका रेघेवरून पातं नेलं. नंतर जखम धुतली, तेव्हा उरलीसुरली शाईही वाहून गेली. आता ती गोगलगाय फक्त त्या कापांत होती.

पाठीवर हात पोचत नाही, म्हणून घासायचं काम मास्तरांकडे आलं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी वहिनी स्टुलावर पाठ करून बसत. “एवढंच?” त्या म्हणायच्या. “आणि लोक एवढे बोंबलतात कशाला? मला तर काही वाटतसुद्धा नाही.” मास्तर म्हणायचे, “तू सोशिक आहेस.” मला जिन्यात भेटल्या की त्या अभिमानानं सांगत, “भावजी, हूं की चूं केलं नाही मी.”

वण काही उठला नाही. खपली गळाली, खाली गुलाबी रेघा दिसल्या, आणि काही महिन्यांत पाठ कोरी. मास्तर म्हणाले, “तुझी कातडीच तशी आहे, फार गुणी.” वहिनी पहिल्यांदा स्वतःच्या कातडीवर चिडल्या. “एवढं एक ठेवायला सांगितलं होतं मेलीला,” म्हणाल्या. दुसऱ्यांदा कापलं. या वेळी गिरवायला शाई नव्हती; तिरप्या उजेडात पुसटसं दिसलं तेवढं आणि बाकीचं मास्तरांच्या आठवणीतलं. तेही तसंच भरून आलं. मास्तरांनी सांगितलं, “आता एकदाच. त्याच जागी फार वेळा कापलं की कातडी आपलंच खरं करते.”

तिसऱ्या खेपेला वहिनींनी बेत बदलला. “यांचा हात हलका आहे,” त्या म्हणाल्या. “वन्सं, तुम्ही घासा.”

मास्तर म्हणाले, “तिला नको. ती चादरी धुते.”

“तुझ्या बायकोपेक्षा चादरी कमी कटकट करतात,” आक्का बाह्या सरसावत म्हणाल्या. “आण तो ब्रश.”

मी त्या सकाळी दाराच्या कुलपाला तेल मागायला खाली आलो होतो. आक्कांनी ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवला आणि एकदाच, जोरात, खांद्यापासून खाली ओढला. वहिनी अशा ओरडल्या की माझ्या हातातली वाटी पडली. आक्का दचकल्या. “अगं, दोन खेपा सोसलंस ना? आता काय झालं?”

वहिनी स्टुलावर वळून बसल्या आणि मास्तरांकडे बघत राहिल्या.

“अहो,” त्या सावकाश म्हणाल्या, “तुम्ही काय लावत होता मला?”

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं.

“ब्रश होता का?”

“कापूस होता,” मास्तर म्हणाले. “कोमट पाण्याचा.”

“आणि?”

“मलम.”

आक्कांच्या हातातला ब्रश टपटप गळत होता. “अरे मूर्खा,” त्या म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची खळ नव्हती.

“ब्रश हातात घ्यायचो,” मास्तर म्हणाले. “रोज घ्यायचो. पण पाठ तीच, बसायची ढब तीच. भिंगरी ‘बाबा, दुखतंय’ म्हणायची तेव्हा मला काही करता आलं नाही. हे तर माझ्या हातात होतं.”

“तिची रेघ होती हो ती,” वहिनी म्हणाल्या. “पहिली होती ती तिची होती. तुम्ही बरी केलीत.”

नवरा-बायकोच्या भांडणात मी एरवी एखादा विनोद करून वाट काढायचो. त्या दिवशी वाटीचे तुकडे गोळा केले आणि वर गेलो. तेलाशिवाय.

वहिनी पुन्हा पाठ करून बसल्या. “घासा, वन्सं.” आक्का घासू लागल्या, रोज येऊन, रडत रडत, नियमानं. वण उठला, चांगला दणदणीत उठला. पण दोनदा भरलेली कातडी ती, हट्टाला पेटली. शंखाची वेटोळी आधी एकमेकांना टेकली, मग मिसळली, मग शिंगंही त्यात बुडाली. वर्षाअखेरीला उजव्या खांद्याखाली लिंबाएवढा एक गोळा राहिला, गुळगुळीत आणि चकचकीत. त्याला खाज सुटते, आणि खुर्चीला टेकलं की दुखतो.

दुकान चालू आहे. मास्तरांचा हात अजून पक्का आहे. परक्यांच्या दंडांवर, पोटऱ्यांवर वण असे उठतात की लोक लांबून बघायला येतात. वहिनी काउंटरवर बसतात, पण मलमाचं भाषण आता देत नाहीत. ते मास्तरांना द्यावं लागतं, आणि ‘माया करणारं कुणी’ इथवर आले की ते अडखळतात. मग वहिनी सुटे पैसे मोजायला लागतात.

परवा मी खाली बसलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. वहिनींचा हात वळून पाठीवर गेला होता, बोटं त्या गोळ्यावर फिरत होती.

“अहो,” त्यांनी विचारलं, “तोंड कुठे होतं तिचं? खांद्याकडे की कण्याकडे?”

“खांद्याकडे,” मास्तर लगेच म्हणाले.

मग त्यांनी पात्याचा डबा उघडला, बंद केला. दारावरच्या पाटीची अक्षरं काचेतून आत उलटी दिसत होती, तिकडे त्यांनी पाहिलं.

“की कण्याकडे,” ते म्हणाले. “माझ्या डोक्यात सगळं उलटंच बसतं गं. दुसऱ्यांदा कापताना तुला विचारायला हवं होतं, सुलट आहे का म्हणून.”

“मला काय ठाऊक?” वहिनी म्हणाल्या. “मी कुठे पाहिली ती? माझ्या पाठीवर होती.”