बनाबाईचं बिनमिठाचं वरण

बनाबाई वरणात मीठ घालत नसे, आणि तरी तिच्यासारखं वरण गावात कुणाच्या हातून होत नसे. यात जादू काही नव्हती. जळगाव जामोदच्या खालच्या अंगाचं हे गाव, खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी इतकं खारं आणि जड, की चहा केला तर जिभेला मीठ लागे, साबण चोळ चोळ चोळला तरी फेस येत नसे, आणि हंड्याच्या बुडाला बसलेला पांढरा थर विळ्यानं खरवडूनही निघत नसे. तुरीची डाळ त्या पाण्यात सरपण संपेपर्यंत उकळली तरी आख्खीच्या आख्खी. नवी नवरी म्हणून आली तेव्हा बनाबाई त्या डाळीपुढे बसून रडली होती. मग सासूनं शिकवलं. डाळ आदल्या दिवशी भिजत घालायची, खायचा सोडा सढळ हातानं टाकायचा, आणि मिठाच्या डब्याकडे बघायचंसुद्धा नाही. पाण्यात आहे तेवढं पुरे.

हे तिच्या हातात असं बसलं, की बुद्धविहारातल्या मोठ्या गंजाची, म्हणजे वरणाच्या पातेल्याची, ती मालकीणच झाली. वर्षावासाचं ग्रंथवाचन संपलं की अश्विन पौर्णिमेला विहारात भोजनदान व्हायचं. पोळ्या आणि वांग्याची भाजी घरोघरून यायची, पण वरण मात्र विहाराच्या आवारातच, बनाबाईच्या हातचं. भंतेजींचं जेवण होईपर्यंत त्या अन्नाला कुणी चाखून बघायचं नाही, अशी तिथली रीत. न चाखता एवढ्या माणसांचं वरण करणं म्हणजे काही खेळ नाही. बनाबाई करायची, आणि पंगतीत पाटलासारखी फिरून विचारायची, "कसं झालं?" तिला उत्तर ठाऊक असायचं. तरी विचारायची.

धाकटी जाऊ मंजुश्री मोताळ्याकडची. गोड्या पाण्याची पोर. तिनं सासरी पहिल्यांदा वरण केलं ते माहेरच्या हातानं, मुठीनं मीठ घालून. पाहुणे पंगतीतून उठून तोंड धुवायला पळाले. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती बनाबाई. हसून थांबली असती तरी चाललं असतं. पण पुढची कित्येक वर्षं, कुणी नवीन माणूस भेटलं रे भेटलं, की ही गोष्ट काढायची. "आमची मंजी वरण नाई करत, लोणचं घालते!" मंजुश्री ऐकून घ्यायची आणि खाली मान घालून भांडी घासत राहायची. बनाबाईला ते फार आवडायचं.

आणि मग नळ आला.

सातपुड्याच्या पायथ्याकडून पाइप आला, गोडं पाणी आलं. आलं ते मंजुश्रीच्या ओळीला. बनाबाईच्या ओळीची नाली खोदली आणि ठेकेदार जो गेला तो गेलाच. दोन्ही घरांच्या मधे एक भिंत, तीही कंबरेएवढी. त्या भिंतीपलीकडे आता सकाळी नळ खळखळायचा आणि अलीकडे बनाबाई बोअरचा हंडा डोक्यावर घेऊन उभी राहायची.

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मंजुश्रीच्या दोरीवरची पांढरी साडी खरोखरच पांढरी दिसायची. तिचे पाणी भरायचे पितळेचे गुंड उन्हात चमकायचे. तिचे केस मऊ झाले होते. ते ती मुद्दाम भिंतीशी येऊन वाळवते, असं बनाबाईचं ठाम मत होतं. सगळ्यांत वाईट म्हणजे बनाबाईच्या ओळीतल्या बाया घागरी घेऊन मंजुश्रीच्या अंगणात जमायला लागल्या. पाणी भरता भरता गप्पा, गप्पांत मंजुश्रीचं कौतुक. डाळ कशी दोन शिट्ट्यांत होते, मीठ किती लागतं, सोडा कसा लागतच नाही, सगळं तिथंच ठरायचं. पूर्वी हे विचारायला बाया बनाबाईकडे यायच्या.

मंजुश्री भिंतीवरून हाक मारायची, "बाई, घागर द्या ना इकडं. भरून देतो."

"आमचं पेट आमच्याच पाण्यानं भरते," बनाबाई म्हणायची आणि आत जायची.

तिचा नवरा जानराव साधा माणूस. त्याला एकदा मूतखड्यानं लोळवलं होतं, डॉक्टरनं गोडं पाणी प्यायला सांगितलं होतं. तो "जरा येतो" म्हणून भावाकडे जायचा आणि दोन तांबे पाणी, वर एक चहा पिऊन यायचा. बनाबाईला कळायचं. एकदा त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन ती म्हणाली, "तिच्या घरचा चहा पेऊन आले न?"

"अवं, पाणीच हाय ते," जानराव म्हणाला. "सवत नाई तुही."

सवत असती तर बरं, असं तिला वाटलं. सवतीचा राग करायला माणसाला हक्क तरी असतो.

अश्विन पौर्णिमा जवळ आली तसा विहार समितीचा संघपाल तिच्या दारात येऊन उभा राहिला. पायानं माती उकरत बोलू लागला तेव्हाच तिनं ओळखलं. "बनामाय, विहारात बी आता नळ आला. बाया म्हणून राह्यल्या, यंदा वरणाले मंजुश्रीवहिनी..."

"म्या मेली का?" बनाबाई म्हणाली.

"तसं नाई, पण..."

"मग गंजाले दुसऱ्याचा हात लागणार नाई. सांग तुह्या बायाइले."

संघपाल निमूट गेला. बनाबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नळ गेला, बाया गेल्या, नवरासुद्धा चहापुरता गेला. गंज उरला होता, आणि आता त्याच्यावरही तिचा डोळा! खरं तर मंजुश्रीला यातलं काही ठाऊकही नव्हतं. पण मत्सराला माहितीची गरज नसते.

पौर्णिमेला सकाळीच बनाबाईनं विहारात चूल पेटवली. पाणी नळाचंच घ्यावं लागलं, आवारातली बोअर बंद केली होती. त्या पाण्यात तिनं आजवर चमचाभर डाळ शिजवली नव्हती. भिजवलेली डाळ पडली, सोडा सढळ हातानं पडला, हळद पडली. मंजुश्री कांदे चिरत होती, ती उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, हे नळाचं पाणी हाय. मीठ..."

"तू मले मीठ शिकवतं?" बनाबाईनं गंजातला चाटू तसाच धरून विचारलं. "लोणच्यावाली!"

बाया हसल्या. मंजुश्री परत कांद्याकडे गेली. बनाबाईला पुष्कळ दिवसांनी बरं वाटलं.

डाळ मात्र बघता बघता विरघळली. एवढी लवकर कशी, असं क्षणभर तिच्या मनात आलं, पण चाखायचं नव्हतं आणि विचारायचं तर मुळीच नव्हतं. भंतेजी जेवले. ते मागत नाहीत आणि नावंही ठेवत नाहीत. शांतपणे जेवून, गाथा म्हणून आत गेले. मग पंगत बसली. बनाबाई नेहमीसारखी फिरायला निघाली आणि "कसं झालं?" म्हणायच्या आधीच तिनं लोकांची तोंडं पाहिली. घास तोंडातल्या तोंडात घोळत होते. जानराव पत्रावळीकडे बघत होता, तिच्याकडे नाही. तिनं वाढणारीच्या हातातल्या बादलीतलं थेंबभर वरण तळहातावर घेतलं, चाटलं. अळणी. नुसतं अळणी नाही, खळ चाटल्यासारखं.

तेवढ्यात पंगतीतून एक म्हातारा ओरडला, "वरण कोनं केलं बे? मीठच नाई!"

बनाबाईनं तळहात पदराला पुसला. आणि पलीकडून मंजुश्रीचा आवाज आला, "माह्याकडून राह्यलं, बाबा. मीठ टाकाचं काम माह्याकडं होतं." ती मिठाचा वाडगा घेऊन पत्रावळीपत्रावळीवर चिमूट ठेवत निघालीसुद्धा.

पंगत खदाखदा हसली. "मोताळ्याची हाय! तवा जास्त, आता कमी!" जिथं तिथं तेच वाक्य. बनाबाईनं स्वतःच्या तोंडानं गावाला शिकवलेलं हसू ते. मंजुश्री खाली मान घालून मीठ वाढत होती, पूर्वी भांडी घासायची तशी.

बनाबाई वाचली होती. गप्प बसली असती तर गंज पुढच्या वर्षीही तिचाच होता. पण तिच्या पोटात असं काही दुखलं की विचारू नका. नळ हिचा, बाया हिच्या, आणि आता चूकसुद्धा हिचीच? माझ्या गंजातली चूकही ही घेऊन जाणार, आणि वर चांगली ठरणार?

"गप बसा रे!" ती ओरडली. "वरण माह्यं हाय. म्या केलं. मीठ म्याच टाकलं नाई. तिनं सांगतलं होतं, म्या ऐकलं नाई."

मंजुश्री वाडगा हातात धरून उभी राहिली. मग बनाबाई तरातरा चुलीकडे गेली, गंजावरचं झाकण काढलं आणि मंजुश्रीकडे हात पसरला. मंजुश्रीनं वाडगा पुढे केला. बनाबाईनं मूठ भरली, गंजावर धरली, आणि तिथंच थांबली. एवढं आयुष्य चुलीपुढे गेलं, पण किती मीठ घालायचं हे तिला खरंच माहीत नव्हतं.

तिनं मंजुश्रीकडे न बघता विचारलं, "किती टाकू वं?"