दुसऱ्या पोपटाचा डोळा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही — आई होती तोवर तिलाही नाही. आणि सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय, असं मीच माझी समजूत घालत आले. कुणाच्या घरात शिरून काही उचललं नाही, कुणाला शिवी दिली नाही. एकदा गप्प बसले, एवढंच. पण बसा जरा. त्या गप्प बसण्याचीच गोष्ट आहे, आणि ती मला सरळ सांगता येत नाही, फिरून फिरून यावं लागतं.

आमच्या दारावर मण्यांचं तोरण आहे. आत येताना तुमच्या डोक्याला लागलं असेल, सगळ्यांच्याच लागतं. दोन हिरवे पोपट, मधे कुयरी, खाली पांढऱ्या मण्यांची झालर. नीट बघितलंत तर एका पोपटाचा डोळा लाल आहे आणि दुसऱ्याचा काळा. हे माझ्या रुखवतातलं. लग्नात लाडू-करंज्यांच्या परातींवर टांगलं होतं, आणि बायका एकमेकींना ढोसून सांगत होत्या, नवरीच्या हातचं हो सगळं. नवरी मान खाली घालून बसली होती. ती काही लाजून बसली नव्हती.

कारण ते हौसानं केलं होतं. हौसा माझी मैत्रीण. पाथर्डीकडचं आमचं गाव, सगळं कोरडवाहू, आणि तिचं घर आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून. तिला वडील नव्हते, मायलेकी दोघीच. माझ्या हाताला मणी कधी वळला नाही — ओवायला घेतले की निम्मे जमिनीवर. मग तिनंच सगळं ओवलं. शेवटी लाल मणी एक कमी पडला, तर तिनं आपल्या गळ्यातली माळ सोडली, त्यातला एक काळा काढून दुसऱ्या पोपटाला बसवला, आणि माळ परत बांधून टाकली. आता तुम्ही म्हणाल, रुखवत दुसऱ्याकडून करून घेणं यात नवल ते काय? काहीच नाही. कुणाची मावशी करते, कुणाची चुलती. तेवढ्यानं कुणी चोर ठरत नाही.

सासर मिळालं देवळाली प्रवराचं. पाटाचं पाणी, ऊस, दारात म्हशी. सासूबाई कडक आहेत म्हणून ऐकून आले होते, निघाल्या कौतुकाच्या. त्यांनी तोरण दारावर लावलं आणि येईल त्याला दाखवायला लागल्या — आमच्या सूनबाईच्या हातचं. एकदा मला विचारलं, या एकाचा डोळा काळा का गं? तेव्हा सांगता आलं असतं. हसत हसत सांगितलं असतं तर त्याही हसल्या असत्या. पण मी म्हणाले, आमच्याकडं मुद्दाम ठेवतात, दृष्ट लागू नये म्हणून. कुठून सुचलं कोण जाणे. त्यांना ते इतकं आवडलं की आठ दिवसांत सगळ्या गल्लीला माहीत झालं.

आणि खरं सांगू? मलाही आवडलं. माहेरी जन्मभर एकच ऐकलं होतं — हौसाकडं बघ जरा. हौसाची भाकरी फुगते, हौसाचं सारवण बघ, हौसाचा हात बघ. इथं हौसाला ओळखणारं कुणी नव्हतं. इथं गुणाची मी होते. कुणाला नको वाटेल हो?

मग धाकट्या दिरांच्या लग्नाचं निघालं. दुष्काळाचं वर्ष होतं ते, बहात्तरचं. मी दिवाळीला माहेरी निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या गावचीच बघ की एखादी. ती हौसा कशी हाय? तुझी आई लग्नात तिचं लई नाव काढत हुती. हुंडा नको आपल्याला, तुझ्यावानी गुणाची पाहिजे. नीट चौकशी करून ये. तू सांगशील ते खरं." माझ्यावानी गुणाची — ऐकलंत ना? मी मान डोलावली आणि गुळाची ढेप पिशवीत घातली.

नगरला गाडी बदलून उतरले तर गावात चिटपाखरू नाही. शेतं उघडी. दिवाळीचे दिवस, पण सगळं गाव दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला. मी पिशवी घेऊन तशीच तिकडं गेले. आई होती, भाऊ होता, आणि हौसा होती, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मला बघून हातोडी टाकून उठली. "आली बया, उसाची पाटलीन आली. बघा किती जाड झालीया गूळ खाऊन." सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, आणि तिला बघून मला खरंच बरं वाटलं होतं. ते खोटं नव्हतं.

आईला मी सोयरिकीचं सांगितलं, आईनं तिच्या आईला. संध्याकाळी ती म्हातारी आली, पदराखाली वाटी. कामावर सुकडी मिळायची, पिठाचा सरकारी खाऊ, तीच तिनं माझ्यासाठी राखून ठेवली होती, पाव्हणी आली म्हणून. दुसरं घरात होतं काय तिच्या? माझ्या हातात वाटी देऊन म्हणाली, "तुझ्या हातात हाय गं बाई आता." मी ती सुकडी खाल्ली. सगळी खाल्ली.

हौसा त्यावर काही बोलली नाही, मी निघेपर्यंत. निघायच्या दिवशी काम बुडवून फाट्यापर्यंत पोचवायला आली. गाडीची वाट बघत उभ्या होतो, आणि ती एकदम म्हणाली, "इंदे, एक सांगू? मी तिथं आले तर मन्याला हात लावायची न्हाई. कुनी इचारलं तर सांगंन, मला सुईबी धरता येत न्हाई. तोरन तुझंच. तुझ्या घरात तू थोरली, तसंच ऱ्हाऊ दे." तिला कसं कळलं म्हणता? आईनंच सांगितलं असणार, लेकीचं सासरी किती कौतुक होतंय ते. तिनं काही विचारलं नाही. वर हसली, आणि गाडी आल्यावर पिशवी वर चढवून दिली.

आता इथंच मी आयुष्यभर लबाडी केली, स्वतःशी. मी स्वतःला सांगत आले की मला भीती वाटली — ती घरात आली असती तर माझं बिंग फुटलं असतं, म्हणून मी तसं केलं. घाबरलेल्या माणसाला कुणीही समजून घेतं, नाही का? पण भीती तर फाट्यावरच संपली होती. तिनं शब्द दिला होता, आणि हौसाचा शब्द मला लहानपणापासून माहीत होता. मी जे केलं ते तो शब्द ऐकल्यानंतर केलं.

मग का केलं? गाडीत बसून मी एकच बघत होते. ती माझ्यासमोर चुलीपाशी बसलेली. सासूबाई माझं कौतुक करतायत, आणि ती मान खाली घालून भाकरी थापतीय. रोज. तिची भाकरी फुगणारच, आणि माझं तोरण ती मला रोज नव्यानं देणार. पकडले गेले असते तर चार दिवस रडले असते आणि विसरून गेले असते. पण तिचं ते मोठेपण मला घरात नको होतं. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

घरी आले, पाय धुते आहे तोच सासूबाईंनी विचारलं, कशी हाय पोरगी? मी म्हणाले, "मला नका विचारू, आत्याबाई. मैत्रीण आहे ती माझी." आणि गप्प बसले.

आमच्याकडं सोयरिकीच्या चौकशीत एवढं पुरतं. कुणी उघड वाईट बोललं तर लोक म्हणतात, जळत असेल. पण मायेचं माणूस गप्प बसलं की मग कुणी पुढं विचारत नाही. हे मला माहीत होतं. माहीत नसतं तर मी खोटं बोलले असते. सासूबाई म्हणाल्या, "शहाणी हायस. परक्या पोरीची अब्रू झाकलीस." गावाकडं निरोप गेलाच नाही. पुढच्या महिन्यात दिरांचं राहुरीकडं जमलं. आईला मी सांगितलं, त्यांचं आधीच ठरलं होतं म्हणे.

हौसाचं लग्न झालं शेजारच्या गावी. नवरा स्वभावानं चांगला, पण रानात पाणी नाही, म्हणून दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघायचं. आणि एका हिवाळ्यात त्यांची टोळी आमच्याच शिवारात उतरली. मला ठाऊक नव्हतं. दुपारी दारात बघते तर हौसा, कडेवर पोर आणि डोक्यावर वाढ्यांची, उसाच्या हिरव्या शेंड्यांची पेंढी. माझ्या म्हशींसाठी आणली होती. टोळीतल्या बाया ती वाढी विकतात, चार पैसे होतात त्यांचे. तिनं फुकट आणली होती, मैत्रिणीकडं मोकळ्या हातानं कसं यायचं म्हणून.

सासूबाई ओट्यावरच होत्या. चहा झाला, पोराला दूध दिलं, आणि मग त्यांनी बोट वर केलं. तोरण दाखवलं. काळा डोळा दाखवला, दृष्टीचं सांगितलं. हौसा मान वर करून बघत राहिली. हात उसाच्या पाचटानं चिरलेले, चहाचा पेला दोन्ही हातांत धरलेला. मी दारातच उभी होते, कुठं जाऊ मी?

"व्हय जी," हौसा म्हणाली. "आमच्याकडं तशीच रीत हाय. इंदीचा हात लई चांगला, तिच्यावानी गावात दुसरी न्हवती. मला तर सुईबी धरता येत न्हाई."

तीच वाक्यं. माझ्याकडं बघून बोलली असती, टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं पोराचं तोंड पुसलं आणि निघाली.

ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हीच ना गं ती? किती गोड बोलती. मग तवा... काय खोड हुती हिच्यात?" मी पेले उचलले आणि आत गेले. त्यांनी शेवटपर्यंत पुन्हा कधी विचारलं नाही. हौसा त्या हंगामात आणखी दोनदा आली, पुढं टोळी दुसऱ्या कारखान्याला लागली. आता ती कुठं आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.

काही खोड नव्हती, आत्याबाई. तोरण तिनं केलं. काळा मणी तिच्या गळ्यातला आहे.