तर्पणात घेतलेले नाव

मुन्शी घाटावर एका सकाळी ऐकलेले नाव निवृत्तीनंतरही माझ्या कानांतून गेलेले नाही.

इंग्रजी अमलात मी काशीत दरोगा, म्हणजे पोलीस फौजदार, होतो. आमच्याच मराठी वस्तीतले एक मास्तर सरकारी शाळेचे मुख्याध्यापक होणार होते. तेवढ्यात खबऱ्याने रामनगरच्या नावेत ऐकलेली बातमी आणली, "हुजूर, मास्टरजी के दादा सत्तावन के बागी थे. नाम बदलकर यहाँ छिपे थे." साहेबांनी चौकशीचा हुकूम सोडला. बंडखोराचा नातू ठरला, तर बढती राहिली बाजूला, नोकरीच जाणार होती.

मी शेजाऱ्यांचे जबाब घेतले. सगळे म्हणाले, आजोबा साताऱ्याकडून आलेले साधे भिक्षुक. एकाचा शब्द दुसऱ्याहून वेगळा नाही. खरे सांगणारी माणसे तपशिलावरून भांडतात. पढवलेली एकमताने बोलतात. मी मास्तरांना चौकीवर बोलावले.

"आजोबांचं नाव?"

"शाळेत लिहिलंय तेच."

"ते खरं का?"

"दरोगाजी, घरी जेवायला या, हवं ते विचारा. इथं नको."

पितृपक्ष चालू होता. तर्पणात वडील, आजोबा, पणजोबा यांची नावे गोत्रासह घ्यावी लागतात. खोट्या नावाने दिलेले पाणी पितरांना पोचत नाही, ही आम्हा लोकांची श्रद्धा. मास्तर तर्पणाला मुन्शी घाटावर आले, तेव्हा मी वर्दीतच जाऊन समोर उभा राहिलो. आडून ऐकणे मला पटत नव्हते.

मला बघून उपाध्याय पुटपुटले, "मास्तर, दरोगा आलाय. आज शाळेतलंच नाव घ्या, झालं."

ओंजळीत तीळ-पाणी घेतलेले मास्तर म्हणाले, "पाणी आजोबांना द्यायचंय, काका. शाळेला नाही."

आणि त्यांनी खरे नाव घेतले. मोठ्याने, तीनदा. त्या नावाचा बंडातला फरारी आमच्या ठाण्यात प्रत्येकाला ठाऊक होता.

ओल्या धोतरानेच ते माझ्यापाशी आले. "लिहा. चौकीत टाळलं, इथं टाळता येत नाही हो."

मी खरे तेच लिहिले. त्यांनी उघड घेतलेले नाव दडपण्याचा मला अधिकार नव्हता. मास्तरांची नोकरी गेली. ते घरीच मुलांना शिकवू लागले.

माणसाची पारख त्याच्या आजोबांवरून करायची नसते. ते नाव घेतल्याने काय जाणार हे ठाऊक असूनही तो ते कसे घेतो, यावरून करायची असते. हे मला वर्दीने नव्हे, त्या घाटाने शिकवले.

मी माझा मुलगा त्यांच्याकडेच शिकायला घातला. साहेबांनी जाब विचारला, "बंडखोराच्या घरी?"

मी म्हटले, "साहेब, त्या घराची चौकशी मीच केली आहे."